शिक्षा झाली, पण अपिलाचं काय?

घरातल्या कर्त्या माणसाला जन्मठेप झाली, की शेत, लेकरं, सासू-सासरे आणि कोर्टाच्या खेपा सगळं बाईच्याच अंगावर येतं. मग ती भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादची असो की शहरातली. जालना जिल्ह्यातल्या सत्र न्यायालयाच्या अशा निकालावरचं अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर इथल्या खंडपीठात जातं. ते ६० दिवसांत दाखल करायचं. सुनावणीला मात्र वर्षंही लागतात. तोवर माणूस आतच! आणि शेवटी निर्दोष सुटला तर? गेलेली वर्षं कोण परत देणार?

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली कश्मिरा सिंग खटल्यात नेमकं याच प्रश्नावर बोट ठेवलं. अपील वाजवी मुदतीत ऐकता येत नसेल, तर सबळ कारण नसताना जामीन नाकारू नये, असं न्यायालयाने म्हटलं. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० मध्ये ही तरतूद आहे. पण जामीन आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. गंभीर शिक्षेत सरकारी वकिलालाही विरोधाची संधी मिळते. ते योग्यच, कारण दुसऱ्या बाजूलाही एखादी बाई भीतीने जगत असते. पुढे जामीन रद्द करण्याची मागणीही करता येते.

वकिलाला पैसे नाहीत? मैत्रिणींनो, १९८७ च्या कायद्याने कैद्यांना आणि स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अपील कुठवर आलं, हे विचारायला लाजू नका.