शोकेसमधलं इंजिन रुळावर

आपल्यापैकी बहुतेकींच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट असतं आणि त्यात मुलांनी हात लावायचा नाही अशी एखादी वस्तू असते. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे वीतभर लांबीचं पितळी इंजिन. मामंजी पूर्णेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी वर्गणी काढून ते दिलं. मीटरगेज तेव्हा परभणीकडून हळूहळू उठत चालली होती. पुढे २००८ साली पूर्णा-अकोला मार्गही ब्रॉडगेज झाला. तेव्हापासून तर मी ते इंजिन देवासारखं जपत आले.

त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत धाकटा म्हणाला, "आई, हे मी चालवून दाखवतो," तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, ते पाहून आल्यापासून त्याच्या डोक्यात हेच होतं. मामंजी मात्र खाटेवरून म्हणाले, "सूनबाई, कपाटात ठेवून काय लोणचं घालायलीस का त्याचं?"

मी अट घातली. करवत नाही, ड्रिल नाही, डाग द्यायचा नाही. उद्या वाटलं तर इंजिन जसंच्या तसं लाकडी पाटावर परत बसलं पाहिजे.

आता शोभेच्या गाडीत आणि चालत्या गाडीत फरक काय? शोभेच्या गाडीची चाकं अंगाबरोबरच ओतलेली असतात, ती फिरतच नाहीत. चालत्या गाडीला वीज रुळांतून मिळते: १२ व्होल्टची, डीसी. एक रूळ धन, दुसरा ऋण. जोडणी उलटी केली की गाडी मागे धावते. सगळ्यात जास्त चालणाऱ्या एचओ मापात गाडी खरीच्या सत्त्याऐंशीपट लहान असते आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर.

मोजून बघितलं तर आमच्या इंजिनाची चाकं त्या रुळांच्या बाहेरच जात होती. मग त्यानं पाटाच्या स्क्रूची जी जुनी भोकं पोटाखाली होती, त्यांतच चाकांच्या दोन छोट्या गाड्या अडकवल्या आणि वॉशर घालून इंजिन इतकं उचललं की पितळी चाकं रुळाला टेकू नयेत. लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही.

पहिल्या दिवशी फजिती झाली. ही नवी चाकं आसासकट धातूची होती. दोन्ही रूळ त्यांच्यातून जोडले गेले, म्हणजे शॉर्टसर्किट! अडॉप्टर तापून वास सुटला, मी धावत जाऊन बटण बंद केलं. बायांनो, मुलं असलं काही करत असतील तर थेट भिंतीतल्या विजेला हात लावू देऊ नका, चांगला अडॉप्टरच वापरा. मग एका बाजूला प्लॅस्टिकचा बुश असलेली चाकं आणली. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये साधारण साडेचौदा मिलिमीटर अंतर लागतं. ते चुकलं की गाडी सांध्यावर घसरते, आणि आमची चारदा घसरली.

मोटारचं काय? पितळ जड, पोटात जागा नाही. म्हणून मोटार मागच्या डब्यात. इंजिन डबे ओढत नाही, डबाच इंजिनाला ढकलतो! मला हसू आलं. आमच्या घरातही पुढे कोण आणि ढकलतं कोण, ते काही वेगळं नाही.

रुळांवर धूळ बसली की गाडी अडखळते, तेव्हा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसावेत. इंजिनाला चिंच लावू नये. मी एकदा लावली होती, वरचं लॅकर उडालं आणि ठिपके पडले, ते अजून आहेत.

रविवारी जेवणाच्या टेबलावर रुळांचं कडं मांडलं आणि मामंजींना खुर्चीत आणून बसवलं. धाकट्यानं सांगितलं, "आजोबा, खऱ्या हिशेबानं मीटरगेजला बारा मिलिमीटरचे रूळ लागतात, पण मला मिळाले ते हे."

मामंजी म्हणाले, "म्हंजे हिचंबी गेज बदललंच म्हणा."

कुणी काही बोललं नाही. धाकट्याचा चेहरा उतरला. मग त्यांनीच बटणाकडे बोट केलं. इंजिन निघालं, मीठ-मसाल्याच्या डब्याला वळसा घालून परत आलं. तीन फेऱ्या झाल्या. मामंजी डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोप लागली.

"मागचा आस कोरडा हाये," ते म्हणाले. "आवाज करायलाय. तेल आण."

मी शिलाई मशीनची तेलाची बाटली आणली. थेंब त्यांनीच सोडला, थरथरत्या हातानं, पण नेमका आसावर.