वृद्ध पाळीव मांजराचे मनोरंजन

वृद्ध पाळीव मांजराचे मनोरंजन म्हणजे कायम घरात राहणाऱ्या व वयाची दहा वर्षे ओलांडलेल्या मांजराच्या शिकार, शोध, खेळ आणि सहवास या उपजत प्रवृत्तींना त्याच्या शारीरिक कुवतीनुसार वाव देणे होय. यात खेळण्यांबरोबरच घराची मांडणी, अन्न देण्याची रीत, गंध व आवाज यांची योजना आणि माणसांचे वागणे यांचाही समावेश होतो. वयोमानाने मांजराची उडी, नजर व वेग कमी होतात. शिकारीची ओढ मात्र सहसा टिकून राहते. त्यामुळे म्हातारे मांजर खेळत नाही याचा अर्थ त्याला खेळ नकोसा झाला असा नसून, पूर्वीचा खेळ त्याला झेपेनासा झाला असाही असू शकतो.

वयाचे टप्पे

अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशन आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स या संस्थांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मांजर पहिल्या वर्षापर्यंत पिल्लू, १ ते ६ वर्षे तरुण, ७ ते १० वर्षे प्रौढ आणि त्यानंतर ज्येष्ठ मानले जाते. मानवी वयाशी तुलना करताना पहिले वर्ष १५ वर्षांइतके, दुसऱ्या वर्षाअखेरचे वय २४ इतके आणि पुढील प्रत्येक वर्ष ४ वर्षांइतके धरण्याचा प्रघात आहे. हे गणित स्थूल असले तरी त्यानुसार १५ वर्षांचे मांजर ७६ वर्षांच्या माणसाच्या बरोबरीचे ठरते.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथे राहणारी ‘क्रीम पफ’ ही मांजरी (१९६७–२००५) ३८ वर्षे ३ दिवस जगली. सर्वाधिक जगलेले मांजर म्हणून तिची गिनीज विक्रमांत नोंद आहे. एवढे आयुष्य हा अपवाद असला, तरी घरात राहणारी मांजरे पंधरा-सोळा वर्षे जगणे आता नवलाचे राहिलेले नाही. अशा मांजराच्या आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश काळ वार्धक्यात जातो. हा काळ केवळ झोपण्यात घालवायचा की कशात तरी रस घेत, हे बऱ्याच अंशी घरातील माणसांवर अवलंबून असते.

वार्धक्यातील शारीरिक बदल

वृद्ध मांजरांत सांध्यांची झीज अत्यंत सामान्य असते. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली असता ९० मांजरांत अशा झिजेच्या खुणा आढळल्या. तरीही मांजराचा संधिवात घरातील माणसांच्या लक्षात क्वचितच येतो, कारण मांजर दुखणे लपवते. कुत्र्याप्रमाणे ते लंगडतेच असे नाही. ते हळूहळू एकेक गोष्ट सोडून देते. आधी कपाटावर जाणे थांबते, मग खिडकीत बसणे थांबते. खुर्चीवर एका झेपेत चढणारे मांजर आधी पुढचे पाय टेकवून मग मागचे अंग वर ओढू लागते. पाठीपर्यंत तोंड पोहोचेनासे झाल्याने तेथील केसांच्या गाठी होतात. नखे घासली न गेल्याने जाड होऊन वळतात.

ऐकण्याची व हुंगण्याची क्षमताही मंदावते. उच्च रक्तदाबामुळे दृष्टिपटलाला इजा होऊन दृष्टी अचानक जाऊ शकते. दात व हिरड्यांच्या विकारांमुळे कडक खाद्य चावणे त्रासाचे होते.

निष्क्रियता आणि आजार

मांजराने खेळणे सोडले की ‘वय झाले’ असे म्हणून विषय संपवण्याकडे घरातील माणसांचा कल असतो. प्रत्यक्षात या निष्क्रियतेमागे सांधेदुखी, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, दातांचे दुखणे किंवा दृष्टिदोष असू शकतो. याउलट, म्हातारपणी अचानक वाढलेला उत्साहही निःशंकपणे सुचिन्ह मानता येत नाही. भरपूर खाऊनही वजन घटत असेल आणि मांजर सतत अस्वस्थ राहत असेल, तर थायरॉइड ग्रंथीच्या अतिस्रावाची शक्यता असते. म्हणून मनोरंजनाचा कोणताही नवा क्रम आखण्यापूर्वी पशुवैद्यांकडून तपासणी करून घेणे इष्ट असते. वेदना आटोक्यात आल्यावर अनेक मांजरे आपणहून पुन्हा खेळू लागतात.

माणसांची वेदनाशामके मांजराला स्वतःहून देऊ नयेत. ताप व अंगदुखीसाठी घरोघरी असणारे पॅरासिटामॉल मांजराला अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते.

शिकारीची प्रवृत्ती व खेळ

मांजराचा खेळ हा मूलतः शिकारीचाच प्रकार आहे. दबा धरणे, पाठलाग, झडप, पकड आणि भक्षण हा त्याचा क्रम होय. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तेच खेळणे वारंवार समोर आल्यास मांजराचा रस ओसरतो आणि वेगळे खेळणे येताच तो पुन्हा जागा होतो, असे दिसून आले. मांजर कंटाळते ते खेळण्याला, खेळाला नव्हे. यावरून मोजकी खेळणी आलटून पालटून काढण्याची व उरलेली नजरेआड ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे.

वृद्ध मांजराच्या खेळात पुढील बदल उपयुक्त ठरतात :

• खेळ जमिनीलगत ठेवावा. काठीला बांधलेले पीस हवेत नाचवण्याऐवजी सतरंजीच्या कडेखाली हळूहळू सरकवावे. मागील पायांवर उभे राहणे किंवा हवेत वळणे सांध्यांना मानवत नाही.

• सावजाची चाल धीमी असावी. ते मांजरापासून दूर जावे, मध्येच थांबावे, आडोशाला लपावे. तोंडासमोर खेळणे हलवल्यास मांजर बिचकते.

• खेळ तीन ते पाच मिनिटांचा असावा, पण दिवसातून दोन-तीनदा व्हावा. मांजर स्वभावतः पहाटे व सांजवेळी अधिक सावध असल्याने त्या वेळा योग्य ठरतात.

• पडल्या पडल्या पंजा मारणे हाही खेळच होय. नुसते टक लावून पाहणे हा तर दबा धरण्याचा भाग असतो. तेवढ्यावरून मांजराला रस नाही असे समजू नये.

• शेवटी सावज पंज्यात सापडू द्यावे आणि लगेच थोडे खाद्य द्यावे. लेझरच्या ठिपक्यात पकडण्याजोगे काही नसते, त्यामुळे शिकारीचा क्रम अपुरा राहून मांजर वैतागण्याची शक्यता असते.

दोरा, लोकर, रिबन व मांजा यांच्याशी मांजराला एकटे सोडू नये. मांजराच्या जिभेवरील काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. गिळलेला दोरा आतड्यात अडकल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

अन्नकोडी

अन्न थेट वाडग्यात न देता ते शोधून काढावे लागेल अशी योजना करणे, यास अन्नकोडे म्हणता येईल. पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमधील खळग्यांत दाणे ठेवणे, कागदाच्या सैल सुरळीत खाद्य गुंडाळणे किंवा खोलीत चार-पाच ठिकाणी छोट्या ताटल्या मांडणे, ही त्याची घरगुती रूपे होत. २०१६ मध्ये ‘जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी’ या नियतकालिकातील एका लेखात अशा कोड्यांचे वजन व वर्तन यांवरील हितकारक परिणाम मांडले आहेत. तथापि २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १७ मांजरांवर केलेल्या प्रयोगात, कोड्यातील अन्न आणि सहज मिळणारे अन्न असे दोन्ही समोर असताना मांजरांचा कल सहज मिळणाऱ्या अन्नाकडे दिसला. त्यामुळे कोडे सोपे असावे आणि त्यातील यश झटपट मिळावे.

वृद्ध मांजराचे सगळे जेवण कोड्यात ठेवून ‘भूक लागली की खाईल’ अशी वाट पाहणे धोक्याचे आहे. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून गंभीर विकार उद्भवतो. ज्याचे दात दुखतात त्याच्यासाठी मऊ, किंचित कोमट अन्न खाचा असलेल्या पसरट ताटलीत लावून देणे पुरेसे असते. कोमट केल्याने वास दरवळतो आणि मंदावलेल्या घ्राणशक्तीलाही अन्नाची चाहूल लागते.

गंध

फिरणे कमी झालेल्या मांजरासाठी गंध हा बाहेरच्या जगाशी संबंध जोडणारा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यासाठी त्याला जागचे हलावेही लागत नाही. बाहेरून आणलेले वाळके पान, शिंपला किंवा झाडाची साल समोर ठेवली तर मांजर ती बराच वेळ हुंगत राहते. घरी कुंडीत उगवलेले गव्हाचे तृणांकुर हुंगायला व चघळायला चालतात. मुंबई-कोकणातील घरांत सुकटीचा वास मांजराला हमखास जागे करतो. मात्र तीत मीठ पुष्कळ असल्याने मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा विकार असलेल्या मांजराला ती खाऊ घालू नये.

कॅटनिप या वनस्पतीच्या वासाने अनेक मांजरे काही मिनिटे लोळतात, अंग घासतात. १०० मांजरांवरील व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मांजरांनी कॅटनिपला, तर जवळपास ८० टक्के मांजरांनी सिल्व्हर वाइन या पूर्व आशियाई वेलीला प्रतिसाद दिला. भारतात पावसाळ्यात रानोमाळ उगवणाऱ्या खोकली या वनस्पतीच्या मुळांकडेही मांजरे ओढली जातात. परंतु या वनस्पतीत विषारी घटक असल्याने ती मांजराला खाऊ देऊ नये. लिली वर्गातील फुले मांजराच्या मूत्रपिंडांना अत्यंत घातक असतात, म्हणून ती घरात ठेवू नयेत. उदबत्तीचा दाट धूर व सुगंधी तेले यांपासूनही मांजराला दूर ठेवावे.

दृश्य व आवाज

खिडकी हे घरातील मांजराचे सर्वांत मोठे मनोरंजन होय. वृद्ध मांजराला तेथे पोहोचता येईल अशा बेताने स्टूल, खोके किंवा पाट यांच्या पायऱ्या रचाव्यात. उंच इमारतींत खिडकीला व सज्जाला भक्कम जाळी असणे आवश्यक असते, कारण तोल व नजर मंदावलेले मांजर पक्ष्यामागे झेपावताना पडू शकते.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांच्या आवाजाची पट्टी व लय लक्षात घेऊन रचलेले संगीत ४७ मांजरांना ऐकवण्यात आले. माणसांच्या संगीतापेक्षा त्यांनी या संगीतात अधिक रस दाखवला आणि मध्यमवयीन मांजरांपेक्षा लहान व वृद्ध मांजरांचा प्रतिसाद अधिक होता. आवाज अर्थातच मंद असावा. दिवाळीतील फटाक्यांच्या काळात मनोरंजनापेक्षा आडोशाची शांत जागा महत्त्वाची ठरते.

घराची मांडणी

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मांजराच्या निरोगी परिसराचे पाच आधारस्तंभ सांगितले आहेत : सुरक्षित जागा, अन्न, पाणी, शौच व विश्रांतीच्या वेगवेगळ्या सोयी, खेळ व शिकारीची संधी, माणसांचे प्रेमळ व अपेक्षित वागणे, आणि मांजराच्या गंधविश्वाचा आदर. वृद्ध मांजराबाबत या सर्व सोयी जवळ आणि बुटक्या असाव्या लागतात. लिटर ट्रेची एक कड तरी इतकी कमी असावी की पाय न उचलता आत जाता येईल. शहरी घरांतील गुळगुळीत लाद्यांवर पाय घसरत असल्याने मांजराच्या नेहमीच्या वाटेवर सतरंजी किंवा गोणपाट अंथरल्यास त्याचे फिरणे वाढते. मांजराच्या शरीराला सुमारे ३० अंश सेल्सिअसपासून पुढचे तापमान सुखाचे वाटते. म्हणून थंडीत उन्हाच्या कवडशात ठेवलेली गोधडी त्याला प्रिय असते.

माणसांचा व इतर प्राण्यांचा सहवास

मांजर एकलकोंडे असते हा समज अर्धवट आहे. जपानमधील संशोधनानुसार मांजरे आपल्या माणसाचा आवाज (२०१३) आणि स्वतःचे नाव (२०१९) ओळखतात. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात, माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले असता मांजरेही तसाच प्रतिसाद देत असल्याचे आढळले. खेळण्याची ताकद न उरलेल्या मांजराशीही असा संवाद साधता येतो. रोज ठरावीक वेळी शेजारी बसणे, नाव घेऊन बोलणे, जिथे त्याची जीभ पोहोचत नाही तेथे मऊ ब्रशने केस विंचरणे, यांचाही मनोरंजनात समावेश होतो.

सोबत म्हणून नवे पिल्लू आणण्याचा उपाय बहुधा उलटतो. पिल्लाला सतत खेळ हवा असतो आणि वृद्ध मांजराला लपायला जागा उरत नाही. पूर्वीपासून एकत्र राहणाऱ्या मांजरांपैकी एक मरण पावल्यास दुसरे काही काळ शोध घेते, ओरडते किंवा कमी खाते. अशा वेळी दिनक्रम शक्य तितका पूर्ववत ठेवणे हिताचे असते.

स्मृतिभ्रंश

माणसांप्रमाणे मांजरांतही वार्धक्यात आकलन व स्मरण यांचा ऱ्हास होतो. रात्री मोठ्याने ओरडणे, ओळखीच्या खोलीत वाट चुकणे, भिंतीकडे पाहत राहणे, लिटर ट्रेचा विसर पडणे ही त्याची लक्षणे होत. नेहमी उद्धृत होणाऱ्या अंदाजानुसार ११ ते १४ वर्षांच्या सुमारे २८ टक्के आणि १५ वर्षांवरील सुमारे ५० टक्के मांजरांत या प्रकारचा किमान एक वर्तनबदल दिसतो. नवे अनुभव मेंदूला चालना देतात, पण ऱ्हास बराच पुढे गेलेल्या मांजराला बदलाची भीती वाटते. त्याच्यासाठी फर्निचर न हलवणे, रात्री मंद दिवा ठेवणे आणि जुन्याच खेळण्याशी जुन्याच वेळी खेळणे अधिक योग्य ठरते.

मर्यादा

वृद्ध मांजर दिवसाचा बराचसा काळ झोपते आणि ही झोप त्याची गरज असते. उठवून खेळायला लावणे म्हणजे मनोरंजन नव्हे. मान फिरवणे, शेपटी आपटणे, कान मागे घेणे किंवा निघून जाणे हे नकाराचे संकेत असून ते पाळावेत. उपायांचे यश खेळाच्या मिनिटांवरून न मोजता मांजर आपणहून काय करते यावरून जोखले जाते : खिडकीपर्यंत जाणे, हाकेला कान टवकारणे, अंग चाटणे, जेवणाच्या वेळी उठून येणे. या गोष्टींची साधी नोंद ठेवल्यास हळूहळू होणारी घट वेळीच ध्यानात येते. यांपैकी बहुतेक गोष्टी एकामागून एक थांबू लागल्यास प्रश्न मनोरंजनाचा उरत नाही. अशा वेळी वेदनाशमन व पुढील देखभाल यांविषयी पशुवैद्यांचा सल्ला घेणे आवश्यक असते.