आईचें पुस्तक : छपाईनंतरचे कष्ट

मुलाला निजवितांना आईनें रचलेली गोष्ट पुस्तकरूपानें छापली जावी, ही इच्छा कांहीं आजची नव्हे. आजची आहे ती सोय. पूर्वीं हस्तलिखित घेऊन पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचे उंबरठे झिजवावे लागत, आणि मुलांच्या पुस्तकाला ‘रंगीत चित्रांचा खर्च परवडत नाहीं’ हें ठरलेलें उत्तर मिळे. आतां साताऱ्याची अथवा सांगलीची गृहिणी संगणकावर मजकूर जुळविते, एखाद्या चित्रकाराकडून चित्रें काढवून घेते आणि मुद्रकाकडून शंभर-दोनशें प्रतीसुद्धां छापून आणते. लेखिका, प्रकाशिका आणि विक्रेती या तिन्ही भूमिका अशा रीतीनें एकाच व्यक्तीकडे येतात. चौथी भूमिका, आईची, ती तर तिच्याकडे आधींपासूनच असते. या चार कामांची सांगड कोठें बसते आणि कोठें तुटते, हें पाहण्याजोगें आहे.

सामान्य समजूत अशी कीं, मूल लहान असलें म्हणजे आईचें लेखन खुंटतें. पुष्कळ प्रकारच्या लेखनाविषयीं हें खरें असेल. पण बालवाङ्मयाच्या बाबतींत तें अर्धेंच खरें आहे. मूल हेंच येथें पहिलें श्रोतृवृंद व पहिलें परीक्षक असतें. तीच गोष्ट दहा रात्री सांगावी. जें वाक्य मूल स्वतः पुढें होऊन पुरें करतें तें ठेवावें, जेथें तें कूस बदलतें तेथें कात्री लावावी. ही परीक्षा कोणत्याही संपादकाच्या परीक्षेहून कडक असते आणि तिला वेगळा वेळ काढावा लागत नाहीं.

इंग्रजी बालवाङ्मयांतील एक प्रसिद्ध पुस्तक असेंच पत्रांतल्या गोष्टींतून निघालें. बिअॅट्रिक्स पॉटर या त्यावेळीं अविवाहित असलेल्या चित्रकर्तीनें आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, नोएल मूर याला, १८९३ सालीं एका सशाची सचित्र गोष्ट पत्रांतून लिहून पाठविली. या पत्रांचें पुस्तक होऊं शकेल, ही सूचना त्या मुलाच्या आईची, अॅनी मूर यांची. प्रकाशकांनीं नकार दिल्यावर पॉटरबाईंनीं डिसेंबर १९०१ मध्यें स्वखर्चानें २५० प्रती छापल्या. त्या संपत आल्या तेव्हां आणखी २०० काढल्या. आणि १९०२ च्या ऑक्टोबरांत फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकानें तें पुस्तक रंगीत चित्रांसह बाजारांत आणलें. जगभर गेलेल्या त्या पुस्तकाचा आरंभ अडीचशें प्रतींनीं झाला, हा आंकडा पुढें उपयोगीं पडेल.

तेव्हां आईपणाच्या खरें आड येतें तें लेखन नव्हे. छपाईनंतरचें काम होय. पुस्तक घरीं आलें कीं तें दुसऱ्या अपत्यासारखें वेळ मागूं लागतें. दुकानांत प्रती ठेवणें, उधारी वसूल करणें, शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटणें, पार्सलें बांधणें, परिचय छापून यावा म्हणून प्रती पाठविणें, हीं सर्व कामें घराबाहेर ओढणारीं आहेत आणि त्यांना शेवट नाहीं.

मराठी मुलखांत याचें सर्वांत बोलकें उदाहरण पंडिता रमाबाईंचें आहे. पति बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या फेब्रुवारींत निवर्तले, तेव्हां कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षीं रमाबाई पुण्यास आल्या व ‘स्त्रीधर्मनीति’ हें मराठी पुस्तक त्यांनीं प्रसिद्ध केलें. त्याच्या विक्रीचा पैसा १८८३ च्या इंग्लंड-प्रवासाच्या उपयोगीं पडला. १८८६ च्या मार्चमध्यें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं त्या फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हां लहानगी मनोरमा बरोबर होती. अमेरिकेंत त्यांनीं बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला आणि मराठी मुलामुलींसाठीं सचित्र वाचनपुस्तकें तयार करण्याचें काम अंगावर घेतलें. १८८७ सालीं हिंदु स्त्रीच्या स्थितीवरचें त्यांचें इंग्रजी पुस्तक तेथेंच स्वतःच्या जबाबदारीवर छापलें गेलें, आणि गांवोगांव व्याख्यानें देत त्यांनीं त्याच्या हजारों प्रती खपविल्या. या खपांतून व व्याख्यानांतून जो आधार उभा राहिला त्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. एका स्त्रीनें स्वतः छापून स्वतः पसरविलेल्या पुस्तकाला एवढें यश क्वचितच आलें असेल.

परंतु या हिशेबाला दुसरी बाजू आहे. तो भ्रमणाचा काळ सुरू झाला तेव्हां मनोरमेला इंग्लंडला परत पाठवावें लागलें. पांच-सहा वर्षांची मुलगी समुद्राच्या एका तीरावर आणि आई दुसऱ्या तीरावर, ही गोष्ट गौरवपर लेखनांत बहुधा एका ओळींत उरकली जाते. रमाबाईंना दोष देण्याचें यांत कारण नाहीं. त्यांच्यामागें सासर-माहेर कोणीही उभें नव्हतें, आणि त्यांच्यापुढचें कार्य एका पुस्तकाएवढें नव्हतें. मात्र त्यांना पुस्तक लिहितांना मुलीपासून दूर व्हावें लागलें नाहीं. पुस्तक पसरवितांना व्हावें लागलें, एवढें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आजच्या आईला फिलाडेल्फिया नको, कऱ्हाड, विटा, तासगांव, वाई एवढेंच फिरायचें असतें. पण शाळेंतून परतणाऱ्या मुलाला दाराला कुलूप दिसतें, तें त्याच जातीचें.

या फिरण्याचें मान कशानें ठरतें? छापलेल्या प्रतींच्या संख्येनें. म्हणून किती प्रती छापाव्या, हा प्रश्न मुद्रकाच्या कचेरींत सुटावयाचा नसून स्वयंपाकघरांत सुटावयाचा आहे. पुस्तक फर्म्यावर छापतात. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर बत्तीस पानांच्या बालपुस्तकाचे दोन फर्मे होतात. ऑफसेट यंत्रावर पत्रे तयार करण्याचा व यंत्र जुळविण्याचा खर्च आरंभींच होतो. तो शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजारांना. त्यामुळें प्रती वाढल्या कीं दरप्रतीचा खर्च उतरतो, आणि ‘बाई, आणखी पांचशें काढल्या तर कागदाचेच काय ते पैसे’ हें वाक्य कानीं पडतें. डिजिटल यंत्रावर तो आरंभींचा खर्च नसतो. प्रत महाग पडते, पण थोड्या प्रती निघूं शकतात.

समजा, ऑफसेटवर ५०० प्रती काढल्या आणि प्रत ६० रुपयांस पडली. गुंतले ३०,००० रुपये. किंमत १२० रुपये ठेवली. दुकानदाराची सूट तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असते. ती शेंकडा ४० धरली तर हातीं ७२ रुपये येतात. म्हणजे मुद्दल सुटण्यासाठींच ४१७ प्रती खपाव्या लागतील, आणि दुकानदाराचा हिशेब बहुधा महिन्यांनीं होतो. आतां डिजिटलवर २०० प्रती ८० रुपयांप्रमाणें काढल्या असें धरूं. गुंतले १६,०००. याच प्रती शाळेंत, वाचनालयांत, ओळखीपाळखींत पूर्ण किंमतीस दिल्या, तर १३४ प्रतींत मुद्दल परत येतें. प्रत महाग पडूनही धोका निम्मा झाला. शिवाय १३४ घरें म्हणजे दोन-तीन शाळा आणि एक पेठ. तेवढी पायपीट मुलाला बोटाशीं धरूनही होते. चारशें सतरा प्रतींची होत नाहीं.

या भागांत साठवणीचा प्रश्नही थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. साताऱ्याच्या पश्चिमेकडील पावसांत कागद दमट होतो, पानें चिकटतात, शिलाईच्या पिनांना गंज चढतो. सांगलीकरांना तर कृष्णा ठाऊकच आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालीं ती गांवांत शिरली. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें, आणि सांगलीच्या नगरवाचनालयाचीं हजारों पुस्तकें त्या पुरांत भिजून गेलीं. संस्थेची ही गत, तर तळमजल्यावर पलंगाखालीं रचलेल्या गठ्ठ्यांचें काय! ज्या घरीं पुस्तकें ठेवावयाचीं तेथें तीं माळ्यावर, फळीवर, प्लास्टिकच्या अस्तराच्या खोक्यांत असावींत. आणि सर्व प्रती एकाच घरांत नसाव्यात.

मोठ्या शहरावांचून पुस्तक पसरत नाहीं, हा समज तर याच मातीनें खोटा पाडला आहे. आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडीची वसाहत १९१० सालीं माळरानावर उभी राहिली. तेथून शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० मध्यें ‘किर्लोस्कर खबर’ व १९३० मध्यें ‘स्त्री’ मासिक काढलें, आणि महाराष्ट्रभरच्या घरांत पोंचविलें. त्यांच्यामागें कारखाना होता हें खरें. पण टपाल, रेल्वे आणि नीट ठेवलेली वर्गणीदारांची यादी हीं साधनें कारखानदाराचींच आहेत असें नाहीं. ज्या घरानें एक प्रत घेतली त्याचें नांव, मुलाचें वय व पत्ता एका वहींत लिहून ठेवणाऱ्या आईला दुसऱ्या पुस्तकाच्या वेळीं निम्मी पायपीट वांचते. टपालाच्या बाबतींत मात्र जुन्या माहितीवर विसंबूं नये. नोंदणीकृत बुकपोस्टाची सवलत डिसेंबर २०२४ मध्यें बंद झाली. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानें ‘ज्ञान पोस्ट’ ही योजना सुरू केली. आरंभींचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय कर. पुस्तकावर मुद्रक अथवा प्रकाशकाचें नांव हवें आणि आंत जाहिराती नकोत, अशी त्यांत अट आहे. तेव्हां मागील पानावर दुकानाची जाहिरात घेऊन खर्च भागविण्यापूर्वीं टपालकचेरींत विचारावें.

प्रसाराचीं ठिकाणें निवडतांना एक कसोटी लावावी : जेथें मुलाला बरोबर नेतां येतें व नेलें तर त्याला आनंद होतो, तें ठिकाण आधीं. महाबळेश्वर-पांचगणीच्या वाटेवरचें भिलार ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचें गांव’ झालें आहे. तेथें घराघरांत पुस्तकें मांडलेलीं असतात, व बालवाङ्मयासाठीं वेगळी जागा आहे. औदुंबरास कृष्णाकांठीं मकरसंक्रांतीला साहित्यसंमेलन भरतें. पंधरा ऑक्टोबरचा वाचनप्रेरणा दिन शाळाशाळांतून पाळतात. त्या दिवशीं गोष्ट सांगणारी कोणी हवीच असते. सांगलीचें आकाशवाणी केंद्र १९६३ चें, साताऱ्यासही केंद्र आहे. मुलांच्या कार्यक्रमासाठीं गोष्ट पाठविण्यास टपालहंशीलाखेरीज खर्च नाहीं. गोष्ट ऐकून पुस्तक मागणारा गिऱ्हाईक मिळविण्यास दारोदार हिंडावें लागत नाहीं. उलट मार्च-एप्रिल हे परीक्षेचे महिने. त्या दिवसांत शाळेला पुस्तक नको असतें आणि घरच्या मुलाला आई हवी असते. तेव्हां विक्रीचा विचारच सोडावा.

येथें एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. आईच्या पुस्तकाची वाहवा व्हावी म्हणून मुलालाच पुढें उभें करण्याची रीत वाढत आहे. मुलाचें छायाचित्र, मुलाचें नांव, मुलाच्या तोंडीं घोकून घेतलेलीं चार वाक्यें! चार वर्षांच्या मुलाला हें खेळासारखें वाटतें. बारा वर्षांच्या मुलाला वर्गांत त्याच नांवानें चिडवितात. गोष्टींतल्या मुलाला दुसरें नांव द्यावें. घरचें मूल श्रोता म्हणून पुरे आहे. त्याला विक्रेता करूं नये.

राहिले कायद्याचे सोपस्कार. पुस्तकाचा तेरा अंकी आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठीं दलालास पैसे देण्याचें कारण नाहीं. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणें कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत्येकीं एक प्रत प्रकाशनापासून तीस दिवसांत पाठवावी लागते. दोनशें प्रतींतल्या चार आधींच बाजूला काढाव्या. सार्वजनिक वाचनालयांत पुस्तक जावें असें वाटत असेल, तर राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठीं वेळेवर पाठवावें.

चित्रकाराशीं मात्र कागद केल्यावांचून एक रेघही मारवून घेऊं नये, तो भाचा असला तरी. बालपुस्तकाचा अर्धा जीव चित्रांत असतो, आणि हक्काचें हस्तांतर १९५७ च्या कायद्यानें लेखीच असावें लागतें. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची समजतात, व प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. पुस्तक सहाव्या वर्षीं पुन्हां छापावयास निघालें आणि चित्रेंच अडलीं, तर आईनें वहींत जपलेली ती दीडशें घरांची यादी तशीच पडून राहते. म्हणून त्या कागदांत मोबदला, मुदत, पुनर्मुद्रण आणि मूळ चित्रें कोणाकडे राहणार, हीं चार कलमें लिहावीं. आणि मुद्रकाकडून पुस्तक उचलतांना प्रतींबरोबर छपाईची मूळ संगणकीय फाइलही मागून घ्यावी.