‘एसी’चा कुबट वास गॅसमुळे नव्हे, ओलाव्यामुळे!

वाडी, प्रतिनिधी - मृगाच्या दोन-चार सरी कोसळल्या, की अमरावती मार्गावरील गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येऊ लागते. उन्हाळाभर चोख थंडावा देणारा मोटारीचा ‘एसी’ सुरू करताच ओल्या पोत्यासारखा कुबट वास सुटतो. दोन-तीन मिनिटांत तो विरतो किंवा नाक त्याला सरावते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार. यावर बहुतेक वाहनधारकांचे उपाय ठरलेले आहेत. कोणी डॅशबोर्डवर अत्तराची बाटली बसवितो, तर कोणी ‘एसी’त गॅस भरून आणतो. दोन्हींत पैसे जातात. वास मात्र जात नाही.

मुळात गॅसचा आणि या वासाचा काहीही संबंध नाही. थंडावा निर्माण करणारा वायू बंद नळ्यांमधून फिरत असतो. तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कुठे गळती असेल तरच तो कमी होतो आणि तसे झाले तर आधी थंडावा घटतो. थंडावा पूर्वीइतकाच असताना केवळ वास येतो म्हणून गॅस भरण्याचा सल्ला कोणी दिला, तर वाहनधारकाने तो नम्रपणे नाकारावा हे बरे.

वासाचे मूळ असते ‘कूलिंग कॉइल’मध्ये. डॅशबोर्डच्या आत, बहुतेक मोटारींत डावीकडच्या कप्प्यामागे किंवा मधोमध, अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची ही जाळी बसविलेली असते. ‘एसी’ चालू असताना ती अतिशय थंड होते. ब्लोअरने ढकललेली हवा तिच्यातून गेली, की हवेतील बाष्प तिच्यावर जमते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटते, तसेच. हे पाणी एका बारीक नळीवाटे गाडीखाली ठिबकते. उभ्या मोटारीखाली दिसणारे थारोळे ते हेच. ते बिघाडाचे नव्हे, तर निचरा नीट होत असल्याचे लक्षण आहे.

मग नागपूर परिसरात हा वास नेमका पावसाळ्याच्या तोंडावरच का येतो? येथील मे महिन्यातील हवा इतकी कोरडी असते, की कॉइलवर पाणी जेमतेमच जमते. त्याच काळात धूळ मात्र भरपूर असते. वाडी तर गोदामांची आणि ट्रान्सपोर्टची वस्ती. ट्रकच्या चाकांनी उडालेली माती, कचऱ्याचे कण, झाडांचे परागकण हे सारे तीन-चार महिने कॉइलच्या पत्र्यांत जाऊन बसते. जून उजाडताच हवेतील दमटपणा एकदम वाढतो आणि या थरावर पाणी पडते. गाडी बंद केल्यावर ते ओले, अंधारे, कोंदट कप्पे रात्रभर तसेच राहतात. जिवाणू आणि बुरशी वाढायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. गेल्या वर्षीच्या जुन्या ताट्या न बदलता कूलर सुरू केल्यावर घरात जो वास पसरतो, त्याचाच हा मोटारीतील भाऊबंद.

उपाय करण्यापूर्वी थोडी तपासणी वाहनधारकाला स्वतःच करता येते. दमट दिवसांत अर्धा तास ‘एसी’ चालवूनही गाडीखाली पाणी पडत नसेल आणि चालकाशेजारील आसनापुढची मॅट ओली लागत असेल, तर निचऱ्याची नळी चिखलाने किंवा केरकचऱ्याने तुंबली आहे असे समजावे. नळी मोकळी करणे हे काही मिनिटांचे काम आहे. मात्र ती टोकदार तारेने खोचू नये. हवेच्या हलक्या झोताने साफ करून घ्यावी. दुसरी जागा समोरच्या काचेखालची, वायपरजवळची जाळी. बाहेरची हवा तेथूनच आत जाते. कडुनिंबाच्या किंवा गुलमोहराच्या सावलीत गाडी उभी करणाऱ्यांच्या जाळीत पाने कुजलेली आढळतात आणि सारा दोष बिचाऱ्या ‘एसी’वर जातो.

वास कोणत्या प्रकारचा आहे, हेही पाहावे. कुजका, असह्य वास एकाएकी सुरू झाला तर ब्लोअरच्या पेटीत उंदीर मरून पडल्याची शक्यता अधिक. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुके येत असेल, तर इंजिनाचे कूलंट हीटरमधून गळत असावे. पेट्रोलचा किंवा जळका वास आल्यास गाडी थांबवून थेट मेकॅनिककडेच दाखवावी. येथे सांगितलेले उपाय केवळ कुबट वासासाठी आहेत.

सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे ‘एसी’चा फिल्टर. बहुतेक मोटारींत तो डावीकडच्या कप्प्यामागे असतो आणि साध्या हातांनीही काढता येतो. साधारणपणे वर्षातून एकदा किंवा १० ते १५ हजार किलोमीटरनंतर तो बदलावा, असे सांगितले जाते. वाडीसारख्या धुळीच्या भागात त्याआधीच. काही जुन्या व कमी किमतीच्या मोटारींत तो नसतोच. जागा ठेवलेली असते, फिल्टर मात्र बसविलेला नसतो. अशा गाडीत सगळी धूळ थेट कॉइलवर जाते. एकदा उघडून पाहिलेले बरे.

फिल्टर बदलूनही वास राहिला, तर कॉइल धुवावी लागते. त्यासाठी खास फेस मिळतो. तो निचऱ्याच्या नळीवाटे किंवा फिल्टरच्या जागेतून कॉइलवर सोडतात, काही वेळ मुरू देतात. मळ विरघळून पाण्याबरोबर खाली येतो. हे काम दारे-खिडक्या उघड्या ठेवून करावे आणि नंतर ब्लोअर बराच वेळ चालवावा. घरातील ब्लीचिंग किंवा फिनेल ओतण्याचा मोह मात्र टाळावा. ब्लीचिंगने अॅल्युमिनियम खराब होते आणि त्याची वाफ थेट प्रवाशांच्या नाकात जाते. डॅशबोर्ड उघडून कॉइल बाहेर काढणे हा अगदी शेवटचा आणि महागडा मार्ग. त्यासाठी आधी गॅस यंत्राने काढून साठवावा लागतो. मोटारींत सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवितो. तो हवेत सोडून देणाऱ्या गॅरेजमध्ये हे काम करू नये.

उंदरांना पळविण्यासाठी डांबराच्या गोळ्या ठेवण्याची पद्धतही घातक आहे. उन्हात तापलेल्या बंद मोटारीत त्यांची वाफ साचते आणि जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात.

हा वास आरोग्याला कितपत बाधतो? निरोगी माणसाने घाबरून जाण्याचे कारण नाही. जर्मनीतील हॅनोव्हर येथील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘एसी’ चालू असताना मोटारीतील जिवाणू आणि बुरशीचे कण सुमारे चार-पंचमांशाने कमी झाल्याचे आढळले होते. मात्र दमा किंवा अॅलर्जी असलेल्यांची गोष्ट वेगळी. ओल आणि बुरशीचा दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच नमूद केले आहे. भारतातील १९ शहरांतील फुप्फुसरुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत तर अतिसंवेदनशीलतेमुळे होणारी फुप्फुसाची सूज सर्वाधिक आढळली आणि त्यांतील जवळपास निम्म्या रुग्णांचा संबंध कूलरशी आला होता. ते निष्कर्ष मोटारीच्या ‘एसी’विषयी नाहीत, पण ओल्या पृष्ठभागावरून येणारी हवा रोज श्वासात जाणे ही बाब दोन्हींत समान आहे. घरात दम्याचे मूल असेल, तर वास येऊ लागल्यावर पावसाळा संपण्याची वाट पाहू नये.

वास पुन्हा येऊ नये म्हणून एक सवय पुरेशी आहे आणि तिला खर्च नाही. घर किंवा कार्यालय येण्याच्या चार-पाच मिनिटे आधी ‘एसी’चे बटण बंद करावे, ब्लोअर मात्र मोठ्या वेगाने चालू ठेवावा आणि हवा बाहेरून घ्यावी. कॉइल बऱ्याच अंशी सुकते. सदैव आतलीच हवा फिरवत राहण्याची सवयही सोडावी; बसलेल्यांच्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्प त्यामुळे आतच घुटमळते.

हा प्रश्न आता ट्रकचालकांपर्यंतही पोहोचणार आहे. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२३ मधील अधिसूचनेनुसार, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये ‘एसी’ बंधनकारक झाला आहे. वाडीत माल उतरवायला थांबलेले अनेक चालक रात्री केबिनमध्येच झोपतात. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून ‘एसी’त झोपणे धोक्याचे आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला कुबट किंवा कसलाच वास नसतो. नवा ट्रक ताब्यात घेताना केबिनचा फिल्टर कोठे आहे आणि तो कसा काढायचा, हे चालकाला शोरूममध्येच दाखवून घ्यावे.