भाऊबीजेच्या रात्री रेड्यांची मिरवणूक

दिवाळीत घर सोडून कुठे जायची आमच्याकडे पद्धत नाही. पणजोबा निजामाच्या काळात उदगीरहून हैदराबादला आले, तेव्हापासून बरकतपुरा, फराळ आणि पाहुणे हीच आमची दिवाळी. भाऊबीजेला बाबांची एक सूचना मात्र ठरलेली असायची : "सातच्या आत घरी या. सदर आहे, रस्ते बंद होतील."

सदर म्हणजे आमच्या लेखी ट्रॅफिक जॅम! घरापासून चालत दहा मिनिटांवर नारायणगुड्याच्या वायएमसीए चौकात शहरातला सगळ्यात मोठा सदर भरतो, आणि मी चोवीस वर्षांची होईपर्यंत तो एकदाही पाहिला नव्हता.

सदर हा हैदराबादच्या यादव समाजाचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुधाचा धंदा करणाऱ्यांचा सण. तेलुगूत त्याला 'दुन्नपोतुला पंडुगा' म्हणतात, म्हणजे रेड्यांचा सण. लक्ष्मीपूजनानंतर दोन दिवसांनी, बहुतेक वेळा आपल्या भाऊबीजेच्याच रात्री, सजवलेले रेडे वाजतगाजत निघतात. आपल्याकडे रेडा म्हटलं की एक तर यमाचं वाहन, नाहीतर पैठणला वेद म्हणणारा. इथे तो नवरदेव असतो.

मला तिथे नेलं ते आमच्या दूधवाल्या अण्णांनी. त्यांचे वडील आजीला दूध घालायचे, ते आईला घालतात. दोन वर्षांपूर्वी वसुबारसेला दूध मापता मापता ते म्हणाले, "बेटा, इस साल आके देखो. अगले साल जानवर रहते की नै, मालूम नै." गोठ्याच्या जागेवर इमारत येणार होती. चारा महाग, मुलगा नोकरीला, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांत पिशवीचं दूध. आमच्याही घरी चहापुरतं अण्णांचं, बाकी पिशवीचंच. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

भाऊबीजेला दुपारीच गोठ्यावर गेले. रेड्याच्या अंगावरचे केस काढून तेल चोळलेलं, त्यामुळे तो काळ्या दगडासारखा चकाकत होता. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं बांधलेली. गळ्यात झेंडूच्या आणि कवड्यांच्या माळा, पायांत घुंगरू. अण्णांची बायको त्याच्या कपाळाला हळद लावत होती. तिच्या डोळ्यांकडे मला बघवेना.

रात्री चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. तीनमारचा ठेका छातीत वाजत होता. एकेक रेडा पुढे यायचा, मालक दोरीला इशारा द्यायचा आणि ते अवाढव्य जनावर मागच्या दोन पायांवर उभं राहायचं. हरियाणाहून आणलेले मुऱ्हा जातीचे रेडेही होते. त्यांच्या किमती कोटींत सांगतात आणि सेल्फीसाठी झुंबड त्यांच्याचभोवती. अण्णांचा रेडा त्यांच्यापुढे लहानखुरा दिसत होता, पण त्याला नावाने हाक मारणारे लोक गर्दीत जागोजागी होते.

एवढ्या आवाजात जनावराला त्रास होत नाही का, असं मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, पारडू असल्यापासून माणसांत वाढवतो, रोज शिकवतो. माझं पूर्ण समाधान झालं नाही, आजही नाही. पण वर्षभर पहाटे चारला उठून ज्यांच्या जिवावर घर चालतं, त्यांना एक रात्र मिरवायचं, ही भावना मला पोळ्यामुळे ओळखीची होती.

परतताना अण्णा रेड्याला घेऊन आमच्या दारावरून गेले. आईला भाऊ नाही. ती दरवर्षी गच्चीवर चंद्राला ओवाळते. तबक हातातच होतं. ती खाली आली, रेड्याला कुंकू लावलं आणि मग म्हणाली, "अण्णा, थांबा, तुम्हालाही ओवाळते." तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. इतक्या वर्षांत सुचलं मात्र कुणालाच नव्हतं.

तुमच्याही गावाजवळ असं काहीतरी असेलच. कोल्हापूर, बेळगावला पाडव्याला गवळी बांधव म्हशी सजवून पळवतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुर उभे राहतात आणि पहाटे जळतात. इंदूरजवळ गौतमपुऱ्याला पाडव्याच्या संध्याकाळी तुर्रा आणि कलंगी असे दोन संघ दारू भरलेली हिंगोटाची पेटती फळं एकमेकांवर फेकतात. तिथे माणसं जखमी होतात, तेव्हा बघायचं तर लांबूनच.

सदरला यायचं असेल तर नारायणगुडा मेट्रो स्टेशनवर उतरा, गाडी आणू नका. लहान मुलं बरोबर असतील तर संध्याकाळी लवकर या आणि रस्त्याच्या कडेला उभे राहा, कारण खरी गर्दी रात्री उशिरा होते. रेड्याच्या समोर जाऊ नका, डोळ्यांवर फ्लॅश मारू नका.

गेल्या वर्षी अण्णांचा गोठा नव्हता. तरी ते चौकात होते, भाच्याच्या रेड्याची दोरी धरून. ह्या वर्षी आमच्या घरातली सूचनाही बदलली आहे. बाबा म्हणतात, "सातच्या आत ओवाळून घ्या. सदरला जायचंय."