१४ मे : सूर्य डोक्यावर, पारा कुठे?

१४ मे ही तारीख घ्या. सणसवाडीत त्या दिवशी सूर्य सकाळी सहाच्या सुमारास उगवतो, संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. दिवस साधारण १३ तासांचा. गावाचा अक्षांश आणि सूर्याची क्रांती दोन्ही १८.७ अंशांच्या जवळ, म्हणून दुपारी साडेबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर! टेरेसवर बादली उलटी ठेवून बघा, सावली गायब. २९ जुलैच्या आसपासही हेच घडतं, पण ढग बघू देतील तर ना!

मग सर्वांत जास्त तापमानही तेव्हाच? तसं नाही. पुण्यात २०१९ साली पारा ४३ अंशांवर गेला तो २८ एप्रिलला. मे महिन्यात समुद्रावरून दमट वारे येऊ लागतात, वळवाचे ढग जमतात आणि पारा जरा आवरतो.

सूर्योदय गणिताने काढता येतो, १९२५ चा असो वा २१२५ चा. तापमान मात्र कोणीतरी रोज लिहिलं तरच उरतं. शिवाजीनगरची वेधशाळा इथून तीसेक किलोमीटरवर. पत्र्याच्या शेडमध्ये राबणाऱ्यांचा उन्हाळा तिच्या आकड्यात येत नाही. तेव्हा होस्टेलवर सावलीत एक थर्मामीटर आणि शेजारी एक वही टांगायला काय हरकत आहे?