एका कुत्र्याची दोन नावे

रात्रीच्या जेवणानंतर मुलांना घालायला या खेपेस आम्ही तीनच प्रश्न निवडले आहेत. तिन्हींची वाट अंधेरी-बोरिवलीच्या मधल्या मालाडवरून जाते.

पहिला प्रश्न गाण्यांचा. 'अछूत कन्या' (१९३६) या चित्रपटाला संगीत देणाऱ्या सरस्वती देवी मूळच्या कोण? जुन्या गाण्यांचे शौकीन अब्बाही इथे अडखळतील. त्या पारशी होत्या, नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. १९३४ साली मालाडला उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये त्या आल्या, तेव्हा आपल्या मुलींनी सिनेमात जावे हे पारशी समाजातल्या अनेकांना खपेना. म्हणून नाव बदलले.

दुसरा अगदी सोपा आहे. याच स्टुडिओत यूसुफ खानचे काय झाले? दिलीपकुमार! 'ज्वार भाटा', १९४४.

तिसरा प्रश्न कुत्र्याचा, आणि आमच्या मते सर्वांत मजेदार. कुत्रा म्हटले की आपल्या घरांत आधी अस्हाबे कहफचा कुत्रा आठवतो. लोक त्याला कित्मीर म्हणतात. पण सूरह कहफमध्ये त्याचे नाव दिलेलेच नाही. 'कित्मीर' हा शब्द कुरआनात येतो तो सूरह फातिरमध्ये, आणि तिथे त्याचा अर्थ खजुराच्या बीवरचा पातळ पापुद्रा! प्रश्न मात्र दुसऱ्या कुत्र्याचा आहे: उर्दू कथेतल्या कोणत्या कुत्र्याला दोन फौजांनी दोन नावे दिली?

ही कथा सआदत हसन मंटो यांची, 'टिटवाल का कुत्ता'. मंटो गोरेगावच्या फिल्मिस्तानमध्ये होते, पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आले. तिथे इस्मत चुगताई होत्या, 'मजबूर'मध्ये लता मंगेशकरांना संधी देणारे संगीतकार गुलाम हैदरही होते. फाळणीच्या दिवसांत स्टुडिओ चालवणाऱ्या सावक वाचांना धमकीची पत्रे येऊ लागली. इतके मुसलमान कामावर का ठेवले, असा राग त्यांत असे. मंटोंनी अशोककुमारांवरच्या लेखात हे लिहून ठेवले आहे. जानेवारी १९४८ मध्ये ते लाहोरला गेले. कथा तिकडे गेल्यावरची.

काश्मीरच्या आघाडीवर, समोरासमोरच्या दोन टेकड्यांवर दोन्ही फौजा बसल्या आहेत. एक बेवारशी कुत्रा हिंदुस्थानी चौकीत येतो. शिपाई गमतीने त्याचे नाव ठेवतात 'चपड झुनझुन', आणि हा हिंदुस्थानी कुत्रा आहे असा पुठ्ठा त्याच्या गळ्यात बांधतात. तो पलीकडे जातो. तिथले शिपाई यमक जुळवतात 'सपड सुनसुन', आणि त्याला पाकिस्तानी ठरवून परत धाडतात. मुलांना दोन्ही नावे कागदावर लिहायला सांगा: बदलली फक्त तीन अक्षरे, एक च आणि दोन झु.

शब्दांची गंमत इथवरच. पुढचे लहानांना सांगायचे की नाही ते घरातल्या मोठ्यांनी ठरवावे. शेपूट हलवत परतणाऱ्या त्या जनावराला घाबरवायला इकडून गोळी सुटते. तो वळतो, तर तिकडूनही सुटते. दोन्हीकडचे हसतात. शेवटी जमादार हरनामसिंगची गोळी त्याला लागते. पलीकडचा सुभेदार म्हणतो, बिचारा शहीद झाला. हरनामसिंग म्हणतो, कुत्र्याच्या मौतीने मेला.